नाव न घ्यायचा मासा

साहेबांनी तिसऱ्यांदा त्या माशाचं नाव घेतलं आणि पुढच्या बाकांवरचे सगळे म्हातारे एकदम खाली वाकले.

मला वाटलं, कुणाचं तरी काही पडलं. पण नाही. जो तो वाकून आपल्या बुटाच्या तळाचे खिळे चाचपत होता. ज्याच्या बुटाला खिळे नव्हते त्याने शेजाऱ्याच्या कमरेच्या चाकूला हात लावला. मग पांढऱ्या दाढीचा एक उंच म्हातारा उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि मागे न बघता दाराबाहेर गेला. त्याच्यामागे पहिला बाक गेला, दुसरा गेला, भिंतीला टेकून उभी असलेली तरणी पोरं गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. शिडं शिवायच्या त्या लांबलचक गोदामात ऐकायला उरलो दोघेच. एक मी आणि दुसरा साहेबांच्या निवडणुकीचा कारभारी, मिस्टर पिरी.

साहेबांचा हात अजून हवेतच होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला आणि माझ्याकडे वळले.

"काय रे अच्युता," ते म्हणाले, "मी काय वायट बोललंय?"

हो, मालवणीत. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, पोर्टकॅरिक नावाच्या मासेमारांच्या गावात, नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, पार्लमेंटसाठी उभा राहिलेला गोरापान उमेदवार माझ्याशी मालवणी बोलत होता. त्याची हकीकत अशी. अर्चिबाल्ड फार्कर हे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं जज्ज होते. मालवणात त्यांना सगळे पारकरसाहेब म्हणत. आमच्या शेजारच्या एका म्हातारीने तर त्यांना तुमचं मूळ गाव कुठलं, असं विचारलं होतं. त्यांना मराठी शिकवायला सरकारने पुण्याचा एक शास्त्री नेमला होता, पण साहेब शिकले ते पट्टेवाल्यांकडून आणि तरीवरच्या तांडेलांकडून. त्यामुळे गव्हर्नरासमोर मराठी बोलायची वेळ आली की त्यांचे वरिष्ठ कपाळाला हात लावत. मिठागरांच्या एका भांडणात सरकारची बाजू खोटी आहे असं त्यांनी निकालपत्रात लिहून टाकलं, वर राजीनामा दिला आणि मायदेशी परतले. तिथे गावोगाव शाळा काढा म्हणून भांडले, कुळांच्या बाजूने जमीनदारांशी भांडले. सुधारक म्हणून त्यांचं नाव झालं. निवडून येणारा म्हणून मात्र झालं नाही. दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा आपटले.

मी मालवणचा अच्युत नाबर, तेव्हा एडिंबरात डॉक्टरकी शिकत होतो, आणि तिथवर पोचलो होतो तो साहेबांच्याच शिफारशीवर. त्यांचं बोलावणं आल्यावर प्रोफेसरांनी तोंड वाकडं करून रजा दिली. साहेब साठीला आले होते. "ह्या खेपेक हरलंय तर संपलंय," असं त्यांनी मला स्टेशनावरच सांगितलं होतं. पक्षाने चौथी संधी दिली नसती.

आणि ही खेप जिंकण्यासारखी होती. नव्या कायद्याने खेड्यापाड्यांतल्या घरटी माणसाला पहिल्यांदाच मत मिळालं होतं. त्या परगण्यातली शेतकरी मंडळी निम्मी आमची, निम्मी जमीनदाराच्या पुतण्याची, म्हणजे कर्नल स्ट्रॅकनची. निकाल लागणार होता तो किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या मतांवर. पोर्टकॅरिक हे त्यांतलं सगळ्यांत मोठं गाव. ते जिकडे जाईल तिकडे बाकीची बंदरं जाणार, हे पिरीपासून न्हाव्यापर्यंत सगळे सांगत होते. त्यांच्यासाठी साहेबांनी कायदा बदलायचं वचन दिलं होतं. त्या देशात समुद्र सगळ्यांचा, हेरिंग मासा सगळ्यांचा, पण सॅमन तेवढा जमीनदाराचा! माशाला कुणी सांगितलं होतं की तू अमक्या सरदाराचा आहेस म्हणून? पण कोळ्याच्या जाळ्यात चुकून एक सॅमन आला आणि त्याने तो घरी नेला, तर थेट तुरुंग. साहेब नेमके त्याच अन्यायावर बोलत होते, आणि ज्यांच्यासाठी बोलत होते तेच उठून गेले.

"विकत घेतलंय त्यांना," पिरी दिवे मालवता मालवता म्हणाला. "कर्नलच्या माणसाने, त्या टॉलमी वकिलाने. दुसरं काय असणार?"

मला ते पटेना. विकला गेलेला माणूस आरडाओरडा करतो, निदान मालकाला ऐकू जावा म्हणून तरी. हे लोक घाबरून गेले होते.

मी उतरलो होतो एल्स्पेट काउईच्या घरी. ही पन्नाशीची, रुंद खांद्यांची कोळीण. पहिल्या दिवशी तिने माझ्या काळ्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, "जहाजावरचा का?" म्हणून विचारलं, डॉक्टर म्हटल्यावर "मग माझा गुडघा बघ" म्हणाली, आणि आमची गट्टी जमली. पण त्या संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर बाईने चहासुद्धा विचारला नाही. पिठाच्या परातीसमोर उभी राहून कणीक अशी तिंबत होती की त्या जागी माझी मान असती तर बरं, असं तिला वाटत असावं.

"एल्स्पेटबाई, सभेत काय चुकलं?"

"उद्या एकही होडी सुटणार नाही," ती म्हणाली. "एकही. असल्या संध्याकाळनंतर कोण जाईल दर्यात? आणि सगळं तुमच्या साहेबापायी. पेठेत उभा राहून भांडी विकणाऱ्यासारखा ओरडत होता ते नाव!"

"कुठलं नाव?"

"मी घेऊ?" ती माझ्यावर खेकसली. "माझा नवरा आधीच तुरुंगात बसलाय. आणि आता मी ते नाव घेऊन बाकीच्यांच्या होड्या बुडवू?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडू लागला. आमच्या घरी आई तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नसे, लांबडं म्हणे. शेजारणीकडे रात्री मीठ मागायचं झालं तर गोड म्हणून मागायचं. दिवा विझव म्हटलं तर थोबाडीत बसे. मीच मूर्ख! इतकी वर्षं शिकून मी ते सगळं अडगळीत टाकलं होतं आणि वर त्याचा अभिमान बाळगत होतो.

पण नाव कुठलं ते कळायला हवं होतं. साहेबांच्या भाषणात शंभर नावं होती.

"डुक्कर?" मी अंदाजाने विचारलं. भाषणात जमीनदाराच्या डुकरांचा उल्लेख होता.

एल्स्पेटने चुलीजवळची लोखंडी सळई झपकन उचलली. मला वाटलं माझ्या डोक्यात घालते. पण तिने ती नुसती घट्ट धरली आणि डोळे मिटले. लोखंड धरलं की अपशकुन टळतो, हे मला नंतर कळलं.

"हे नाही वाटतं," मी म्हणालो. "मग पाद्री?"

"अरे देवा!" तिने दुसऱ्या हातानेही सळई धरली. "तू डॉक्टर आहेस की सैतान? सगळीच्या सगळी घेणार आहेस का?"

"म्हणजे तेही चालत नाही? बरं, चुकलं. ससा?"

"घराबाहेर हो!"

मी हात जोडले. मग बोलणंच बंद केलं. तिच्या परातीच्या कडेला पीठ सांडलं होतं, त्यात बोटाने एक मासा काढला. आम्ही सारस्वत, मासा काढायला आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. जाड पोट, वाकडा जबडा, अंगावर ठिपके. एल्स्पेटने चित्राकडे पाहिलं, तळहाताने ते झटकन पुसून टाकलं आणि मान हलवली.

"तांबडा म्हणतो आम्ही," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणायचंच झालं तर. एक, एकच आला जाळ्यात म्हणून माझा जॉन तुरुंगात बसलाय."

मी तसाच खाणावळीवर गेलो. साहेब शेकोटीसमोर पाय सोडून बसले होते. पिरी समोर बसून निवडणूक हरल्यावर काय करायचं त्याची व्यवस्था लावत होता. मी सगळं सांगितलं. पिरी हसत सुटला. तो आतल्या धान्याच्या गावचा. शेतकरी आणि मासेमार तिथे कोसभर अंतरावर राहतात, पण एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत, तर रीतीभाती कुठून ठाऊक असणार? साहेबही शाळामास्तराचे चिरंजीव, तेही आतल्या गावचे, आणि विसाव्या वर्षी बोटीत बसले ते थेट मुंबईला उतरले.

साहेब मात्र हसले नाहीत. ते भडकले.

"एकोणिसावं शतक संपत आलं!" ते इंग्रजीत म्हणाले. "मी ज्या माशासाठी कायदा बदलणार, त्याचं नाव घ्यायचं नाही? मुलांना शाळेत घाला म्हणून मी दहा वर्षं ऊर फोडतोय तो कशासाठी? ह्या खुळचटपणापुढे मान तुकवण्यापेक्षा मी हरेन."

"हराल," पिरी म्हणाला. "त्याची काळजी नको."

मला एक गोष्ट आठवली आणि मी सरळ मालवणीवर आलो. इंग्रजीत मला साहेबांशी वाद घालता येत नसे, मालवणीत येई.

"सायबानू, तुमचो शिपाय पुनाजी रातीचो सापाक काय म्हणी?"

"जनावार म्हणी," साहेब तडकाफडकी म्हणाले.

"आणि तुमी काय म्हणास?"

साहेबांनी शेकोटीतलं एक लाकूड उगाच हलवलं.

"मीय जनावार म्हणय," शेवटी ते म्हणाले. "नायतर पुनाजी कंदील घेवन फुडे चलाचो नाय."

"तेव्हा तुमी तेका खुळचट म्हणूक नाय."

"नाही," साहेब परत इंग्रजीवर आले, पण आवाज उतरला होता. "तेव्हा मला वाटलं, ही ह्यांची रीत आहे, आणि मी ह्यांच्या गावात पाहुणा आहे." मग त्यांनी ते लाकूड विस्तवात लोटलं. "माझ्या स्वतःच्या देशात मी पाहुणा आहे, हे कधी ध्यानातच आलं नाही रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्याने गेलो. एल्स्पेट म्हणाली होती तसंच झालं होतं. समुद्र शांत, वारा मनाजोगता, आणि सगळ्या होड्या वाळूवर आडव्या. पुरुष खिशात हात घालून उभे होते. साहेबांना बघून त्यांनी तोंडं फिरवली. मला ते बघवेना. साहेब सरळ एल्स्पेटच्या दारात गेले आणि हॅट काढून उभे राहिले.

"बाई, मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "पण ठाऊक असायला हवं होतं. माझ्यामुळे तुमचा आजचा दिवस बुडाला."

एल्स्पेटने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"परमुलखात जाऊन म्हणे तिथली भाषा शिकलात," ती म्हणाली. "घरची रीत तेवढी राहिली."

"राहिली खरी."

तिला उलट उत्तराची अपेक्षा असावी. ते न आल्याने ती जरा नरमली. "मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक सभा घ्या. बायकांना मी सांगते, बायका पुरुषांना आणतील. पण त्या फळीवर उभं राहून जर एकदा..."

"नाही घेणार."

"मग तुम्ही बोलणार कसलं? तुमचा सगळा कायदाच त्याच्यावर आहे!"

"ते मलाही अजून कळलेलं नाही," साहेब म्हणाले. एल्स्पेट पहिल्यांदा हसली.

पुढचे दिवस साहेबांनी खोलीत येरझारा घालून भाषण बसवलं. मी आणि पिरी समोर बसायचो. तो शब्द ओठांवर आला की मी शेकोटीचा चिमटा वाजवायचा, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी चिमटा वाजवून वाजवून माझं मनगट दुखलं. शेवटच्या दिवशी एकदाही वाजला नाही. पिरीने तर घाबरून जेवताना ताटातल्या माशाचंही नाव घेणं सोडून दिलं होतं.

सभेच्या संध्याकाळी गोदाम गच्च भरलं. एल्स्पेटने शब्द पाळला होता. बायका पुढे, पुरुष मागे, आणि पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा दाराजवळ, म्हणजे वेळ पडली तर पहिला बाहेर. मी फळीवर साहेबांच्या मागे बसलो होतो.

साहेब अर्धा तास बोलले. असं भाषण मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "तुमच्या दारासमोरच्या पाण्यात जो येतो," ते म्हणाले, "जो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि कुणाच्या दप्तरात नाव घालायला थांबत नाही, तो एका माणसाच्या मालकीचा कसा?" कधी "तो तांबडा", कधी "तो पाहुणा", कधी नुसताच हात पसरून लांबी दाखवत. जॉन काउई ज्याच्यापायी तुरुंगात गेला तो, एवढंच एकदा म्हणाले आणि पुढे बसलेल्या एल्स्पेटने मान ताठ केली. हळूहळू खिशातले हात बाहेर आले. मागची पोरं पुढे सरकली. दाराजवळचा म्हातारा बाकावर टेकला. पिरी माझ्या कानात म्हणाला, "जमलं!"

पण भाषण संपलं की सभा संपत नाही. त्या देशात एक कडक रिवाज आहे. भाषणानंतर कुणीही उठावं, उमेदवाराला काहीही विचारावं, आणि उमेदवाराने तिथल्या तिथे सरळ उत्तर द्यावं. भाषण कितीही चांगलं होवो, प्रश्न टाळला की माणूस लोकांच्या मनातून उतरला. साहेब प्रश्न टाळत नाहीत ही त्यांची ख्यातीच होती. दोन निवडणुका ते त्या ख्यातीपायीच हरले होते.

एकदोन प्रश्न साधे आले. बंदराच्या भिंतीचं काय, आगबोटीच्या जाळ्यांचं काय. मग मधल्या बाकावरून मऊ फरची कॉलर लावलेला एक गृहस्थ उठला. कर्नलचा वकील, टॉलमी. पिरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझा प्रश्न अगदी लहान आहे," टॉलमी गोड आवाजात म्हणाला. "उमेदवार अर्धा तास एका माशाबद्दल बोलले. मी वकील माणूस, मला मोघम चालत नाही. त्या माशाचं नाव काय? एका शब्दात सांगावं."

मी पाहिलं, मागच्या बाकांवरचे हात हळूच बुटांकडे निघाले होते. दाराजवळचा म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने टोपी हातात घेतली. काय कोंडीत पकडलं होतं हरामखोराने! नाव घेतलं तर गाव गेलं. नाही घेतलं तर प्रश्न टाळला, आणि मग उद्या सगळ्या बंदरांवर तेच ऐकू येणार, फार्करने शेपूट घातलं.

साहेब फळीच्या कडेशी उभे होते. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. मला वाटलं, संपलं. हा माणूस खोटं बोलणार नाही, टाळणार नाही, आता नाव घेणार आणि घरी जाणार.

साहेब वळले. माझ्याकडे बघून मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाले,

"अच्युता! आपल्या मालवणात ह्या माशाक काय म्हणतत रे?"

त्या गोदामाने आयुष्यात ऐकली नसेल अशी ती भाषा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. आमच्याकडे सॅमन कुठला? आणि मग आठवलं की मुंबईचे साहेबलोक आमच्या एका माशाला ह्याचंच नाव देऊन चवीने खातात. अगदी तोच नव्हे, पण तेच नाव लागलेला.

"रावस!" मी ओरडलो. इतक्या जोरात की मलाच दचकायला झालं.

"रावस," साहेब टॉलमीकडे वळून म्हणाले. "एका शब्दात मागितलंत, एका शब्दात दिलं. ज्या लोकांत मी पंचवीस वर्षं काढली, त्यांच्या भाषेत हे नाव आहे. हा गृहस्थ तिथलाच, साक्षीला उभा आहे."

कुणीतरी मागून फिसकन हसलं. टॉलमी लाल झाला. "हे काय उत्तर झालं? इथे कुणाला कळलं ते?"

"विचारू या की," साहेब म्हणाले आणि लोकांकडे वळले. "मी कुठल्या माशाबद्दल बोलतोय हे ज्याला कळलं नसेल त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

"मिस्टर टॉलमी, फक्त तुम्हीच राहिलात. आणि तुम्ही तर ह्याच परगण्यातले. कमाल आहे!"

आता गोदाम खदखदू लागलं. मागच्या एका पोराने "रावस!" म्हणून आरोळी दिली, दुसऱ्याने ती उचलली, आणि बघता बघता चारी भिंतींवरून "रावस! रावस!" घुमायला लागलं. मालवणच्या बाजारात कोळणींनीसुद्धा त्या शब्दाचा इतका गजर केला नसेल. टॉलमीचे कान जळायला लागले असावेत. तो बाकावर चढला, मूठ हलवली आणि ओरडला,

"बंद करा हा चावटपणा! सरळ सॅमन म्हणायला काय जीभ झडते तुमची? सॅमन! सॅमन!"

गजर तोडल्यासारखा थांबला.

सगळं गाव एकदम वाकलं. खिळे, चाकू, किल्ल्या, बायकांच्या टाचण्या, जे हाताला लागेल ते लोखंड लोकांनी धरलं. मी मागे पाहिलं तर पिरी खुर्चीचा लोखंडी पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता. साहेबांनी शांतपणे खिशातून दाराची किल्ली काढली आणि मुठीत घेतली. टॉलमी बाकावर उभा राहून सगळ्यांकडे बघत होता. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं.

दाराजवळच्या म्हाताऱ्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. पण ह्या वेळी तो बाहेर गेला नाही. त्याने दार उघडलं आणि टॉलमीकडे पाहून बाहेर बोट दाखवलं. कुणी हात लावला नाही. बाकांच्या मधून रस्ता झाला आणि वकीलसाहेब आपली फरची कॉलर सावरत त्यातून बाहेर पडले.

मग त्यांच्या रिवाजाप्रमाणे म्हाताऱ्याने विचारलं, हा माणूस आपल्यातर्फे पार्लमेंटात जायला लायक आहे का? वर झालेले हात मी मोजले नाहीत, मोजता आले नसते. बायकांना तिथे मत नव्हतं, पण सगळ्यांत आधी हात वर गेला तो एल्स्पेटचा, आणि तिच्यामागे कोळणींचा सगळा बाक. मी परदेशी, माझा काय संबंध? पण माझाही हात वर होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाजसुद्धा वाटत नव्हती.

निकाल लागला तो परगण्याच्या मुख्य गावी. आतल्या शेतकऱ्यांची मतं कर्नलकडे थोडी जास्तच गेली होती. पिरी दर फेरीला पांढरा होत होता. मग बंदरांच्या पेट्या उघडल्या आणि कर्नल मागे पडू लागला. साहेब निवडून आले. लोकांनी हॅटी उडवल्या, पिरीने मला मिठी मारली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते साहेब मात्र कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिले. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही, मलासुद्धा नाही. दोनदा हरलेल्या माणसाला तिसऱ्या वेळी कानांवर विश्वास ठेवणं जड जात असावं.

पुढे साहेब बरीच वर्षं पार्लमेंटात बसले. तो कायदा त्यांनी पुन्हा पुन्हा मांडला, लॉर्डांनी पुन्हा पुन्हा उडवून लावला. पण त्या परगण्यात मासा जाळ्यात आला म्हणून कोळ्याला तुरुंगात घालायची छाती त्यानंतर कुठल्या न्यायाधीशाला झाली नाही. आमच्या कोकणातल्या मिठागरवाल्यांसाठीही ते तिथे उभे राहून भांडले. ते सगळं वर्तमानपत्रांत आलं. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते कुठेच आलं नाही, म्हणून सांगतो.

पोर्टकॅरिकला आभार मानायला जायचं होतं आणि बर्फाने रस्ता बंद झाला होता. म्हणून आम्ही शेजारच्या बंदरातून होडीने निघालो. पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. होडी किनाऱ्यापासून बरीच अलीकडे टेकली. वाळूवर सगळं गाव उभं होतं. साहेबांनी बूट काढायचा विचारही केला नाही, उडी मारायला सरळ कडेवर पाय ठेवला.

"थांबा!"

एल्स्पेट पाण्यात शिरली होती. घागरे गुडघ्याच्या वर खोचलेले, त्या बर्फाच्या पाण्यात उघडे पाय. तिच्यामागून आणखी दोघीतिघी. होडीशी येऊन तिने साहेबांकडे पाठ केली आणि वाकली.

"चढा."

साहेब गोंधळले. मीही. होडीवाला हसून म्हणाला, "इथली चाल आहे. पाय ओले झाले तर माणूस दर्यात दिवसभर गारठतो. म्हणून बायका आपल्या पुरुषांना पाठीवरून आणतात नि पोचवतात."

"बाई, काहीतरीच काय!" साहेब म्हणाले. "मी वजनदार माणूस. मी येतो की चालत."

"चालत येतात ते परके," एल्स्पेट मान न वळवता म्हणाली. "कर्नल चालत आला होता. टॉलमी चालत आला. जॉनला धरायला आलेले शिपाईसुद्धा ओल्या बुटांनीच आले. आमच्या माणसाला आम्ही चालू देत नाही. चढा लवकर, पाणी गार आहे. जॉन सुटून येईपर्यंत माझी पाठ मोकळीच आहे."

साहेब लहान मुलासारखे तिच्या खांद्यांवर हात टाकून पाठीवर बसले. ती त्यांना घेऊन पाणी कापत निघाली. लांब कोट पाण्यावर तरंगत होता, हॅट मागे कलली होती, आणि किनाऱ्यावरचे पुरुष एकेक करून टोप्या काढत होते. माझ्यासमोर दुसऱ्या एकीने पाठ केली. मी नको म्हणायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "ए रावस, बस गुमान!" मी बसलो. पिरीसाठी कुणीच वाकलं नाही. तो बिचारा शिव्या देत, गुडघाभर पाण्यातून आमच्यामागे आला.

एल्स्पेटने साहेबांना कोरड्या वाळूवर उतरवलं, त्यांचा कोट खाली ओढून सारखा केला आणि बाजूला झाली. लोक भाषणाची वाट बघत उभे होते. साहेबांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. त्यांना पाण्याचा थेंबसुद्धा लागला नव्हता. मग त्यांनी मान वर करून गर्दीत मला शोधलं, आणि सगळ्या गावासमोर, रडत आणि हसत, ओरडले,

"अच्युता! अरे, निवडून इलंय रे मी!"